काकांची सही

नायगावच्या आमच्या चाळीत भिंतींनासुद्धा तोंड होतं. तोंड नव्हतं ते फक्त शेजारच्या काकांना. निवृत्तीआधी ते सरकारच्या कुठल्याशा गुप्त खात्यात होते, एवढं सगळ्यांना ठाऊक. कुठल्या, ते काकूंनाही ठाऊक नाही. नोकरीला लागताना त्यांनी एका कागदावर सही केली होती: इथलं बाहेर बोललो तर तुरुंगात जाईन. ती त्यांनी इतकी मनावर घेतली की खात्याबाहेरचंही सगळं गुप्त ठेवलं. "कुठे निघालात?" म्हटलं की "जरा इकडे." विजेचं जुनं बिल फाडून, बादलीत भिजवून त्याचा लगदा करायचे. मासळी तीन पिशव्यांत गुंडाळून आणायचे. बांगडा मात्र कुठलाच कायदा पाळत नसे, त्याचा वास काकांच्या आधी जिना चढायचा. लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला, त्याची गोष्ट काकू अजून सांगतात: "ह्यांनी अख्खो उखाणो मनातल्या मनात घेतलो, आणि म्हणतत कसे, झाला!"

माझे आईबाबा चळवळीतले, मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून बाराखडी शिकलेली. काकांच्या सहीमागच्या, इंग्रजांच्या काळापासूनच्या गुप्ततेच्या कायद्याविरुद्ध मीही पत्रक काढलं. देश राखणारी माहिती वेगळी आणि साहेबांच्या चुका झाकणारी वेगळी. दोन्हींना एकच कुलूप लावून बोलणाऱ्याला गजाआड टाकायचं, ही इंग्रजांची भीती आपण का जपतो, असं ठणकावून विचारलं होतं. पहिली प्रत काकांना दिली. गॅलरीत उभ्यानेच त्यांनी ती दोनदा वाचली.

"मुद्दे बरोबर आहेत, पोरी."

"मग बोला की!"

"कायद्याचं तू बघ. सही माझी आहे."

आणि माझं पत्रक बादलीत गेलं.

मग पुनर्विकास आला. चाळीच्या जागी टॉवर होणार, पण घर मिळायला पात्रता सिद्ध करायची. काकांच्या खोलीला मधली काही वर्षं कुलूप होतं. तेव्हा कुठे होता ते दाखवा, नाहीतर घर नाही. चाळ त्यांच्यासाठी वाटेल ते खोटं बोलायला तयार होती. "दुबईला होते सांगू!" "छे, मिरजेला, दवाखान्यात!" काका शांतपणे म्हणाले, "नव्हतो मी तिथे." सुनावणीला मी बरोबर गेले.

"बदलीवर होतो," काका म्हणाले.

"कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सांगता येणार नाही."

"बरं, खात्याचं पत्र आणा."

"कुठल्या खात्याचं?"

"अहो, ते तुम्ही सांगायचं!"

"तेच सांगता येत नाही ना."

मी कानाशी लागले. "काका, घर जाईल. इतक्या वर्षांनी कोण पकडणार आहे?"

"पकडत नाहीत म्हणून आता बोललो," ते हळूच म्हणाले, "तर आजवर भीतीनेच गप्प होतो असं ठरेल."

कायद्याविरुद्धचे माझे सगळे मुद्दे आजही शाबूत आहेत. या एका वाक्याला मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

घर गेलं. टेम्पो भरला. काकू डोळे पुसत पुढे बसल्या. मी सवयीने विचारलं, "कुठे निघालात, काका?"

"जरा..." म्हणून ते थांबले. इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि माझ्या कानात अख्खा पत्ता सांगितला, कुठल्या थांब्यावर उतरायचं तेसुद्धा.

"कुणाला सांगू नकोस हं."

गुपितांविरुद्ध मी अजून लिहिते, पुढेही लिहीन. पण रविवारी मी तीन पिशव्यांत बांगडे गुंडाळून निघाले की जुने शेजारी हटकतात, "कुठे गं?"

"जरा इकडे," मी म्हणते. वास तेवढा लपत नाही.