बेकायदा कृत्य, दर वीस मिनिटांनी

बहारीनमधल्या आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर आला तो म्हातारा होऊनच. नवऱ्याच्या कंपनीतलं एक कुटुंब देश कायमचा सोडून निघालं होतं, त्यांनी तो आम्हाला दिला. मूळ खोक्यासकट, थर्माकोलसकट आणि अंगावरच्या जाड प्लास्टिकच्या कव्हरसकट. त्यांनीही तो गावी न्यायचा म्हणूनच इतका जपला होता. शेवटी सामानाचं वजन जास्त झालं आणि तो इथेच राहिला. यातून आम्ही काहीतरी शिकायला हवं होतं. पण नवऱ्याने खोकं पलंगाखाली सरकवलं आणि मला बजावलं, "कव्हर काढू नकोस हं. आपल्याला अलिबागला न्यायचाय."

आमच्या घरात सगळंच अलिबागला जायचं होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता, मिक्सरवरचं स्टिकर शाबूत होतं आणि सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच ताणलेलं होतं. उन्हाळ्यात त्यावरून उठताना पोटऱ्या चरचर सोडवून घ्याव्या लागत. "अजून दोन वर्षं," असं नवरा म्हणायचा. चार वर्षं तो हेच म्हणत होता.

ती चार वर्षं मी त्याच्या व्हिसावर घरात बसून काढली. खरं तर बसणं हा माझा पिंडच नाही. बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली बाई खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली चादर किती वेळ बघणार? सकाळची कामं नऊला आटपायची आणि मग मी या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझारा घालायचे. त्या वर्षी एका शाळेच्या ऑफिसात जागा निघाली. कॉम्प्युटरवर परीक्षा होती: पाऊण तासात मुलांच्या हजेरीचा तक्ता आणि दोन पत्रं. पास झाले तर शाळा मला माझा स्वतःचा व्हिसा देणार होती. मला ती नोकरी इतकी हवी होती की भाजी चिरता चिरता माझी बोटं ओट्यावर टाइप करायला लागायची.

परीक्षेला दहा दिवस होते. पहिल्याच दिवशी तक्ता अर्धा झाला आणि पडद्यावर पांढरी चौकट उगवली. या प्रोग्रॅमने बेकायदा कृत्य केलं आहे, सबब तो बंद करण्यात येईल, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. गल्फमध्ये दुसऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला 'इल्लीगल' हा शब्द असा अचानक दाखवू नये. मी खरोखर दाराकडे बघितलं. चौकटीत 'ओके' असं एकच बटण होतं, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. मी ओके केलं आणि माझा तक्ता गेला.

त्यानंतर रोज तेच. कधी पांढरी चौकट, कधी सगळा पडदा निळा आणि त्यावर आकडे, कधी उंदीर हलवला तरी बाण जागचा हलेना. मी संदेश वहीत उतरवायला लागले. बंद करून चालू केला, डिस्क तपासायला लावली, नको त्या फायली पुसल्या, हव्या त्याही पुसल्या. नवरा सितऱ्यातल्या प्लांटवरून शिफ्ट संपवून यायचा आणि दारातच विचारायचा, "आज काय दाबलंस?"

या प्रश्नाने माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आधीच धीर सुटत चाललेला, त्यात हा.

शुक्रवारी नवऱ्याने त्याच्या पुण्याच्या मित्राला बोलावलं. मित्र कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जायचा. त्याने कव्हर काढलं, डबा उघडला, फुंकर मारली, परत मिटला आणि फ्लॉपीमागून फ्लॉपी घालत सगळं नव्याने भरलं. तीन तास कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालला. एक संदेश नाही. मित्राने दोन बशा पोहे खाल्ले आणि प्रेमाने सांगितलं, "वहिनी, मशीन ओके आहे. जरा हळू हाताने चालवा."

तो गेला. नवऱ्याने कॉम्प्युटर पुसला आणि कव्हर पुन्हा नीट घातलं, मागची वायरींसाठी कापलेली भोकं जुळवून. दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला बेकायदा कृत्य. आता दोष माझ्या हातांचाच, हे घरात ठरल्यासारखं झालं. मलाही तसं वाटायला लागलं, याचं जास्त वाईट वाटलं. बोटं उचलायलाच भीती वाटायची.

सोमवारी, परीक्षेला दोन दिवस असताना, मी वही घेऊन बसले. संदेश वेगवेगळे होते, म्हणून मी ते सोडले आणि नुसत्या वेळा बघितल्या. सकाळी पहिल्यांदा लावला की वीस मिनिटं. लगेच परत लावला की पाच. मधे आंघोळ उरकून आले की पंधरा. आणि शुक्रवारी तीन तास. शुक्रवारी वेगळं काय होतं? मित्र होता, पोहे होते, आणि कव्हर नव्हतं.

मी उठून कॉम्प्युटरमागे हात घातला. आतला पंखा ज्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो, त्या जाळीवरच प्लास्टिक मऊ होऊन चिकटलं होतं. डब्याला हात लावला तर तव्यावरच्या झाकणासारखा चटका बसला. आठवडाभर मी त्याला गोधडीत गुंडाळून पळायला लावत होते, आणि तो बिचारा दर वीस मिनिटांनी तक्रार करत होता.

कव्हर हळुवार काढता आलं असतं. मी ते फाडलं. टराटरा, दोन्ही हातांनी, आणि सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

नवऱ्याने आल्या आल्या जमिनीवरचे तुकडे बघितले. "हे काय केलंस? आता हा नेणार कसा?"

"न्यायचा नाहीये. इथे चालवायचाय."

त्याने वाकून तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "म्हणजे तुला परत जायचंच नाहीये."

मला संताप आला, आणि संतापाच्या खाली भीतीही वाटली, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मला नोकरी लागली की ती 'अजून दोन वर्षं' आणखी पुढे जाणार, हे त्याने माझ्याआधी ओळखलं होतं. त्याची आई तिकडे वाट बघत होती, माझीही बघत होती. दोन दिवस आम्ही मीठ आणि चावी एवढ्यापुरतंच बोललो.

बुधवारी परीक्षेला बसले आणि बोटं आपोआप पळायला लागली. वीस मिनिटांच्या आत सगळं संपवायची आणि दर ओळीनंतर सेव्ह करायची त्यांना सवयच झाली होती. बाकीच्या बायका तक्त्याच्या रेघा मारत होत्या तेव्हा माझी दोन्ही पत्रं झाली होती. देखरेखीला असलेली बहारीनी बाई घड्याळाकडे बघत माझ्याजवळ आली. "खलास?"

"खलास," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी दुपारी घरी आले तेव्हा नवरा सकाळची शिफ्ट करून आलेला होता आणि सोफ्यावर बसला होता. सोफा निळा होता. प्लास्टिकखाली तो मला कायम राखाडी वाटत आला होता. प्लास्टिक कात्रीने नीट कापून, चौपदरी घडी घालून पलंगाखालच्या खोक्यात गेलं होतं. फेकून देणं त्याला जमलं नव्हतं.

मी चपला न काढताच त्याच्या शेजारी बसले आणि मला रडू फुटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सोफ्यावरून हात फिरवत राहिला.

"मऊ आहे गं हा," तो म्हणाला.