नाओकीचं "दोन"

आमच्या फिजिओ रूममध्ये किस्से साठतात ते टेबलामुळं. खेळाडू पत्रकारांसमोर ताठ बसतो, कोचसमोर हात मागं बांधून उभा राहतो, पण आमच्या टेबलावर तो पालथा पडतो. आणि पालथ्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नसल्यामुळं तो घडाघडा बोलतो! सासूबद्दल, कोचबद्दल, गळणाऱ्या केसांबद्दल. मी ऐकतो आणि पोटऱ्या चोळतो.

सुट्टीवर कोल्हापूरला गेलो की पेठेतली मंडळी घेरतातच. "भावा, स्टार लोकांचं काहीतरी सांग की!" आता आमच्या फुटबॉल क्लबात कुठले स्टार? हॅम्बर्गहून तासाभरावरचं गाव. पाऊस हॅम्बर्गएवढा, प्रसिद्धी शून्य. क्लबचं नाव विचारू नका, अजून तिथंच नोकरी करतोय. पण नाओकी होता आमच्याकडं. त्याचं सांगतो. हसू येईल तिथं हसून घ्या, पुढं पुढं फारसं येणार नाही.

*

नाओकी जपानहून आला त्या दिवशी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. "रणजित, दुभाष्या पुढच्या महिन्यात येतोय. तोवर तू सांभाळ. तूही आशियाईच की!"

मी म्हटलं, "साहेब, मी कोल्हापूरचा. कोल्हापूरहून जपान जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच हॅम्बर्ग लांब आहे."

"गेनाऊ! अगदी खरं!" तो खूश होऊन म्हणाला. "म्हणजे तू बरोबर मधला!"

दुभाष्या कधी आलाच नाही. मी आणि नाओकी जर्मनमध्येच बोलायला लागलो. दोघांचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळं आमचं एकमेकांना छान कळायचं. खुद्द जर्मनांना मात्र आम्ही काय बोलतोय ते कळायचं नाही.

*

नव्या खेळाडूनं पहिल्या आठवड्यात जेवणाच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. लोक काहीतरी धांगडधिंगा म्हणतात, पोरं चमचे वाजवतात, पाव फेकतात, दोन मिनिटांत आटपतं.

नाओकी खुर्चीवर चढला. आधी चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. मग हात मांड्यांना चिकटवून त्यानं शाळेचं गीत म्हटलं. एक कडवं झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. हा थांबेना! दुसरं कडवं. मग तिसरं. चमचे थांबले. सूप गार झालं. शेवटी परत चारी बाजूंना वाकून तो खाली उतरला.

कॅप्टन माझ्या कानात म्हणाला, "याला सांगितलेलं काम हा अर्धं सोडणार नाही बघ."

त्यानं कौतुकानंच म्हटलं होतं. मीही मान डोलावली. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुणाला माहीत!

*

डेटलेफ हा आमचा किट सांभाळणारा. साठीचा, पोट सुटलेला, तोंड कायम वाकडं. सगळ्यांचे बूट घासायचे, जर्सी धुवायच्या, इस्त्री करून खुंटीला लावायच्या हे त्याचं राज्य. नाओकी मॅच संपली की स्वतःचे बूट स्वतः घासायचा, वर ड्रेसिंग रूमही झाडायचा.

डेटलेफ तणतणत माझ्याकडं आला. "माझ्या घासण्यात काय खोट आहे, विचार त्याला! का माझी नोकरी घालवायचीय?"

मी विचारलं. नाओकी गडबडला. म्हणाला, शाळेपासून सवय आहे, बुटांचे आभार मानायचे असतात.

मी जाऊन डेटलेफला तसंच सांगितलं. त्यानं हातातला बूट खाली ठेवला. "आल्झो, असं होय," म्हणाला, "आभार मानायचे तर मान म्हणावं. घासायला मी आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून डेटलेफ मॅच संपायच्या आधीच नाओकीचा ब्रश लपवून ठेवायला लागला. नाओकी पांढऱ्या मोज्यांवर बुटांसमोर उभा राहून नुसता वाकायचा. तेव्हा डेटलेफ कोपऱ्यात उभा राहून गालातल्या गालात हसायचा, मी बघितलंय.

*

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच नाओकीचा गुडघा गेला. हवेत उडाला, खाली आला, पाय वळला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, आणि तो माझ्या टेबलावर मुक्कामाला आला.

आता आमच्या कोल्हापुरात खेळाडूच्या पायाला नुसतं खरचटलं तरी तो मैदानात अशा गडाबडा लोळण्या घेतो की अख्खी पेठ आत धावते! मी त्या मातीतला. आणि हा बाबा! ऑपरेशननंतर पहिल्यांदा गुडघा वाकवला, तेव्हा भलेभले आईला हाका मारतात. याचा चेहरा देवघरातल्या देवासारखा.

आमच्या डॉक्टर ब्रांटचा एक नियम. रोज विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? दोनपर्यंत असेल तर व्यायाम पुढं चालू. तीन म्हटलं की थांबायचं. साधा, सरळ, जर्मन नियम. नाओकीनं तो पहिल्याच दिवशी नीट ऐकून घेतला.

"किती?" डॉक्टर विचारायचे.

"दोन."

"वुंडरबार! झकास!"

थंडीत दोन, बर्फात दोन, गुडघ्यावर सूज असताना दोन. पण मी टेबलाच्या पायथ्याशी उभा असायचो. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, पण पायाची बोटं! बोटं अशी आत मुडपायची की नखं पांढरी पडायची.

मी डॉक्टरांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. "डॉक्टर, याचं दोन म्हणजे दोन नव्हे. बोटं बघा त्याची."

डॉक्टर सज्जन माणूस. शांतपणे म्हणाले, "रणजित, पेशंट दोन म्हणतोय. रिपोर्टमध्ये बोटांसाठी जागा नाही."

*

एका रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. अश्विनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तांबडा रस्सा केला होता. मी तिला म्हटलं होतं, पाहुण्यासाठी जरा बेतानं. ती म्हणाली, "बेतानंच केलाय." कोल्हापूरच्या बाईचं बेतानं!

नाओकीनं वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. कान लाल, कपाळावर घाम, डोळ्यांतून धारा.

अश्विनी घाबरली. "अहो, विचारा त्यांना, फार तिखट झालंय का?"

मी विचारलं. नाओकीनं रुमालानं डोळे पुसले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "दोन."

आम्ही हसून हसून लोळलो! तोही हसला. आमची सात वर्षांची इरा तेवढी हसली नाही. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. टेबलाखाली वाकून त्याच्या पायांकडं बघून आली आणि म्हणाली, "पापा, एर ल्यूग्ट." पापा, हा खोटं बोलतोय.

त्याच रात्री जाताना त्यानं मला घरचं सांगितलं. वडिलांचं तोफूचं दुकान. रात्री सोयाबीन भिजत घालायचं, पहाटे उठून दळायचं, उकळायचं, वड्या पाडायच्या. दुकान कधी बंद राहिलं नाही, आई वारली त्या दिवशीसुद्धा नाही. अठराव्या वर्षी नाओकी त्यांना तोंडावर म्हणाला होता, "मी जन्मात सोयाबीन भिजत घालणार नाही. मी युरोपात खेळणार." त्यानंतर बापलेक कामापुरतंच बोलायचे. आणि आता, इतक्या वर्षांनी, वडील दुकान आठवडाभर बंद ठेवून येणार होते. मे महिन्यातली आमची शेवटची होम मॅच बघायला. जूनमध्ये नाओकीचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं.

"मला त्या दिवशी मैदानात असायला पाहिजे," तो म्हणाला. "पाच मिनिटं चालतील."

मी म्हटलं, "मग खरा आकडा सांगत जा की रे! घाई केलीस तर पाच मिनिटंही मिळणार नाहीत."

त्यानं बूट घातले, वाकला आणि गेला.

*

त्या शेवटच्या मॅचच्या आठवड्यात गुडघा नारळाएवढा सुजला. एमआरआय झाला. ऑपरेशनात बसवलेलं नवं लिगामेंट सैल पडलं होतं आणि आतली कूर्चा झिजून गेली होती. डॉक्टर स्क्रीनसमोर उभे होते. मी मागं.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "पळायचं नाही. फुटबॉल संपला."

मग ते माझ्याकडं वळले. माणूस खरोखर हादरला होता. "पण तो तर रोज दोन म्हणत होता! रणजित, इतकी वर्षं मी हेच विचारतोय. आकडा कोण खोटा सांगतं?"

मला त्या क्षणी डॉक्टरांचा राग आला, नाओकीचा आला, त्या नियमाचा आला. नाओकीला आत बोलावून सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, आभार मानले आणि विचारलं, "पाच मिनिटं?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वडिलांचं विमान तेव्हा हवेत होतं.

*

मॅचच्या दिवशी वडील स्टँडमध्ये बसले होते. काळा सूट, टाय, गुडघ्यांवर हात. नाओकीनं त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, आज टीममध्ये नाही. का नाही, ते सांगितलं नव्हतं. तो स्वतः बेंचच्या मागं, ट्रॅकसूटमध्ये, मॅचभर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

मॅच आम्ही हरलो. लोक पांगल्यावर तो वडिलांना ड्रेसिंग रूम दाखवायला घेऊन आला. तिथं त्याच्या जागेवर त्याची जर्सी लावलेली होती. इस्त्री केलेली, कॉलर ताठ. खाली बूट, लखलखीत. टीममध्ये नसलेल्या माणसाची जर्सी लावायची नसते, हे डेटलेफला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो पाठ करून टॉवेलच्या घड्या घालत होता. वडिलांनी जर्सीचा फोटो काढला, बुटांचा काढला, आणि डेटलेफच्या पाठीला वाकून नमस्कार केला.

मग ते माझ्या रूममध्ये आले. मी नाओकीला टेबलावर आडवा केला, बूट-मोजे उतरवले, गुडघ्याची पट्टी सोडायला घेतली. वडील टेबलाच्या पायथ्याशी, माझ्या शेजारी उभे होते. तेवढ्यात डॉक्टर ब्रांट आत आले. वडिलांशी हात मिळवला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "नाओकी, आज किती?"

नाओकीनं छताकडं बघत सांगितलं, "दोन."

वडिलांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते खाली वाकले. मुडपलेली बोटं त्यांनी हातात घेतली आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक करून सरळ केली. सोयाबीन दळून दळून जाड झालेले हात. नाओकीनं दंडानं डोळे झाकून घेतले. माझ्या हातात सुटलेली पट्टी तशीच होती. डॉक्टर दाराशी उभे राहून बोटांकडं बघत होते.

पाय तसाच हातात धरून वडील काहीतरी बोलले. एकच वाक्य, हळू आवाजात.

पट्टी बाजूला ठेवून मी विचारलं, "काय म्हणाले रे?"

नाओकीनं डोळ्यांवरचा हात काढला नाही.

"म्हणाले, घरी आलास की लक्षात ठेव, सोयाबीन आदल्या रात्रीच भिजत घालावं लागतं."