मोरपंखी साडी

कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मला बजाजनगरच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. वडील कॅन्सरनं शहरातल्या दवाखान्यात होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि धाकटा भाऊ भर उन्हात साडीची पिशवी घेऊन दारात उभा. ना भाऊबीज, ना कुणाचं लग्न. शेतावरचा हक्क सोडायची सही हवी असली की आमच्याकडं बहिणीला आधी साडीचोळी करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यानं पाणी घेतलं नाही, नजर वर केली नाही. "सही करायला कधी यायचं, तेवढं सांग," मी म्हणाले. "ताई, आधी साडी तर बघ," तो पुटपुटला. मी पिशवीला हातही लावला नाही; ती उंबऱ्यातच ठेवून तो गेला. हे डोकं भावजयीचंच! बाप जिवंत असताना ह्यांना वाटण्या सुचतात. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला, सगळं वडिलांच्या कानावर घालायला. स्पिरिटच्या वासात ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "त्याला बोलू नको, बाई. माझ्या माघारी भांडणं नको, म्हणून मीच धाडलं त्याला." मग विचारलं, "मोरपंखीच आणली ना त्यानं?" घरी येऊन पिशवी उघडली, मोरपंखीच होती. भावानंच हे त्यांच्या तोंडी घातलं, असं मी आजही म्हटलं असतं. पण मला तो रंग आवडतो, हे माहेरी फक्त वडिलांनाच ठाऊक होतं.