मायसाठी निवडलेले पाटे आणि येलदरीची वाट

येलदरीला जायचं ठरलं ते मायच्या एका वाक्यावरून. दसरा नुकताच झाला होता, धरण भरल्याची बातमी आली होती. माय ओसरीवर ज्वारी निवडत म्हणाली, "भरल्यालं येलदरी म्या अजून बघितलंच न्हाई."

धरणाचं काम चालू होतं तेव्हा तिनं तिथं डोक्यावरून माती वाहिली होती. काम संपायच्या आत ती माझ्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेली, ती पुन्हा तिकडं फिरकलीच नाही. आता खुब्याचं हाड मोडून आत सळई बसवल्यापासून तिला एसटीचे धक्के सोसत नव्हते. वर्षभर ती परभणीबाहेर पडली नव्हती.

परभणीत माझं छोटं गॅरेज होतं. गॅरेजच्या दारात एक जुनी विलायती गाडी उभी असायची, दोन सीटची, उघड्या टपाची. हैदराबादच्या एका घरातून ती भंगार म्हणून माझ्याकडं आली होती. इंजिन, ब्रेक, रंग, सगळं मी माझ्या हातानं केलं होतं. राहिले होते फक्त मागचे पाटे. भाड्यानं मोटार आणतो म्हटलं तर माय म्हणाली, "लेकाची गाडी दारात असताना लोकाची कशाला?"

जुन्या गाड्यांचा नाद नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. गाडीच्या मागच्या बाजूचा सगळा भार तिच्यावर. माझ्या गाडीचे मूळचे पाटे इतके बसले होते की खड्डा आला की ॲक्सल चेसीवर आदळायचा. शेजारचे उस्मानचाचा आयुष्यभर ट्रक चालवलेले. ते म्हणाले, "जीपचे कडक पाटे टाक. ह्या रस्त्याला नरम पाटा टिकत नसतो."

टाकले. जवळच्या पिंगळीपर्यंत जाऊन आलो. चाचा चालवत होते आणि मी मुद्दाम मायच्या जागेवर बसलो होतो. परत आलो तेव्हा माझीच कंबर धरली होती.

"चाचा, गाडी हलकी अन् पाटे जड. पाटा वाकतच न्हाई, सगळा धक्का माणसाला बसायलाय."

"अन् नरम पाटा वाटंत बोरीच्या पुढं तुटला, तर मायला कुठं बसवशील?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन दिवस मी तेच घोळवत राहिलो. शेवटी मूळचेच पाटे उतरवले, नांदेडला नेऊन त्यांना ताप देऊन नव्यानं कमान काढून आणली आणि खाली एक पातळ पट्टी वाढवली. पाट्याला वाकायला जागा हवी, पण ॲक्सल चेसीला टेकायला नको, एवढाच माझा हिशोब होता. गाडी मागून चार बोटं उचलली. पुन्हा पिंगळीला निघालो तेव्हा चाचांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः चालवायला बसले. रेल्वे फाटकाच्या रुळांवर थोडं पाणी सांडलं, बाकी तांब्या तसाच घरी आला. चाचांनी वाकून पाटे पाहिले आणि म्हणाले, "जा. पण सावकाश जा."

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. ज्या दिवशी निघणार त्याच दिवशी बंद होता, म्हणून बेत पुढं गेला. मग एका सकाळी सीटवर दुहेरी गोधडी घातली, मायला आधी बसवलं, मग तिचे पाय उचलून आत घेतले. बुटक्या गाडीत दुखऱ्या माणसाला बसवायची हीच रीत.

परभणी, झरी, बोरी, जिंतूर, असा रस्ता. झरीपर्यंत माय दाराची कड घट्ट धरून होती. दोन्हीकडं कापूस फुटला होता, पण तिचं लक्ष फक्त पुढच्या खड्ड्याकडं. बोरीच्या पुढं एका अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरून भरलेली एसटी आली. मला गाडी रस्त्याखाली उतरवावी लागली. मागचं चाक खोल खड्ड्यात गेलं. गाडी मागून दबली, थांबली आणि हळूच वर आली. आदळली नाही.

"लागलं का माय?"

"न्हाई की. झोक्यावानी झालं."

दाराची कड तिनं सोडली. जिंतूर यायच्या आत तिला चक्क डुलकी लागली. मी वेग आणखी कमी केला. मागून सायकलवाले पुढं जात होते, जाऊ दिले. झोपलेल्या मायकडं पाहताना जेवढं बरं वाटलं, तेवढं आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाच्या शाबासकीनं वाटलं नव्हतं.

येलदरीत एका टपरीवर पूर्णा नदीतल्या माशाचे तळलेले तुकडे घेतले आणि सोबतच्या भाकरीशी खाल्ले. धरणाच्या भिंतीपाशी चौकीदारानं अडवलं.

"आज्जी, वर जायला परवानगी लागती."

"म्या हितं माती वाह्यलीया. तवा कोणी परवानगी इचारली न्हाई."

"कोणत्या साली?"

"साल मला काय ठावं? ह्यो पोटात व्हता." तिनं माझ्याकडं बोट केलं.

चौकीदार हसला आणि थोडं पुढंपर्यंत स्वतःच सोबत आला. काठी टेकत माय उभी राहिली. समोर पाणीच पाणी. तिनं डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं. मग म्हणाली, "आमी काम करताना हे समदं कोरडं व्हतं. लय पाणी धरलंय रं आमच्या मातीनं."

चौकीदारानं विचारलं, "आलात कशानं?"

"माझ्या लेकानं गाडी केलीया," ती म्हणाली, आणि आवाज असा, की धरण आणि गाडी दोन्ही आमच्याच घरची.

परतायला दिवेलागण झाली. गॅरेजपाशी चाचा वाटच पाहत होते. मी काही सांगायच्या आत माय स्वतः काठी टेकून गाडीतून उतरली, हे त्यांनी पाहिलं. आणि मग त्यांनी पाटे पाहिलेच नाहीत.

तुम्ही येलदरीला जाणार असाल तर दसऱ्यानंतर जा, मासे नक्की खा. मला मात्र त्या प्रवासातून धरणापेक्षा जास्त मिळालं. दुसऱ्या सकाळी चहा घेताना माय म्हणाली, "तुझ्या पालमच्या मावशीला बघून लय दिस झालेत." खुबा मोडल्यापासून तिनं बहिणीचं नाव काढलं नव्हतं, जाता येणार नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात पालमला गेलो. नंतर इतक्या वेळा गेलो की मावशीच एकदा मला म्हणाली, "बाबा, तिला हितंच ठिव, अन् गाडी तेवढी घिऊन जा."