उघडा कंद

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. लग्न केलं नाही. आमच्याच मागच्या खोलीत राहायचे, नाकासमोर चालायचे, चहात साखर पडली नाही तरी तोंडातून शब्द नाही. असल्या माणसाला नाद लागावा तर कशाचा, दाढीवाल्या आयरिसचा! कमरेएवढी उंच दांडी, वरच्या पाकळ्या उभ्या, खालच्या लोंबत्या, आणि त्या लोंबत्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा. मी चिडवायचे, भाऊजी, स्वतःची दाढी चार-चार दिवस करत नाही आणि फुलांची विंचरत बसता.

विंचरायचेच ते, बारक्या ब्रशने. जांभळ्याचे पराग पिवळ्याला लावून त्यांनी पिवळ्याच्या पोटी बी धरलं. चाळीस रोपं झाली. काही वाळली, बाकीची गोगलगायींनी फस्त केली. एक राहिलं. तीन वर्षं झाली तरी फुलायचं नाव नाही. हे फूल दुसऱ्या कुणाकडेच नसेल, म्हणायचे. त्याचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. फुलल्यावर सांगतो म्हणाले.

चौथ्या वर्षी, थंडी संपता संपता, त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दोन महिने. आयरिसच्या मोसमाला अजून दीड महिना होता. दवाखान्यात निघताना भाऊजींनी मला वाफ्यापाशी नेलं. आल्याच्या गड्ड्यासारखा तो कंद, अर्धा मातीबाहेर, उन्हात पडलेला. म्हणाले, "वहिनी, याला काही करायचं नाही. एवढंच करा."

आता हात बांधून बसणं मला जन्मात कधी जमलंय? मधेच पुन्हा गारठा पडला. तो उघडा कंद बघून मला राहवेना. लेकराला पांघरूण घालावं तशी वीतभर माती लोटली, वर खत घातलं, रोज तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. ओढलं तर झाड हातात आलं, खाली नुसता लगदा. हाताचा वास साबणाने जाईना. आग लागो माझ्या मायेला.

दवाखान्यात ते रोज तेवढंच विचारायचे. मी सांगायचे, दांडी आली. मग, कळी धरली. नवरा तेव्हा खिडकीबाहेर बघत राहायचा. शेवटी कुंपणाशी पिवळा आयरिस फुलला, तोच तोडून नेला. औषधांनी त्यांची नजर मंदावली होती, खपून जाईल असं वाटलं.

त्यांनी फूल हातात घेतलं. पाकळीवरच्या दाढीवरून बोट फिरवत राहिले.

"वहिनी, ही त्याची आई," म्हणाले. थोड्या वेळाने, "ते कधी गेलं?"

"मीच पुरलं, भाऊजी. गारठेल म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि फूल पाण्यात ठेवायला सांगितलं. नाव काय ठरवलं होतं, ते विचारायला मला तोंड नव्हतं. चार दिवसांनी भाऊजी गेले.