खऱ्या माणसांचा सिनेमा माझ्याबरोबर कोण बघेल?

गाडीतून सगळ्यात आधी कोण उतरलं सांगू? माझी नात सई! लेक-जावई मागून. त्यांचं पालघर आमच्या बेटेगावपासून काय लांब हाय, पण गणपतीनंतर आजच आले, बायांनो.

मी चिकू कापले नि टीव्हीवर तो सिनेमा लावला. आधी त्याचं कार्टून होतं, आता खरी माणसं घेऊन केलाय. मला फार आवडलेला, सईबरोबर परत बघायचा होता.

सई म्हणते, "आजी, हा फालतू आहे. सगळे हसतात याला. कार्टूनच भारी."

मी म्हटलं, "अगं, मुलगी घर सोडते तेव्हा कार्टूनमधली आई नुसता हात हलवते. ही आई आवंढा गिळते. तेवढं बघ, मग बोल."

"हो गं," म्हणाली नि मोबाईलात डोकं घातलं.

लेकीला म्हटलं, तू तरी बस. तेवढ्यात जावई म्हणाले, "चला, रेल्वेचं फाटक पडेल." गेले सगळे. सिनेमातली ती आई यायचीच होती अजून.

मग एकटीनंच बघितला. छान रडले.

तुमच्यात कोणाला आवडलाय काय हा सिनेमा? का मीच येडी?

सई गणपतीत दसऱ्याला येते सांगून गेली होती. आज संक्रांतीचं सांगून गेलीय.