नायलॉनचं घोंगडं

सांगलीच्या हॉटेलात चौघांना शाल मिळाली. मला घोंगडं.

आमची फर्म आर्थिक नियोजनाची. ऑफिस साताऱ्यात, शाखा सांगलीत. वर्षभरात सगळ्यात जास्त काम आणलेल्या पाच जणांचा सत्कार होता. माझं नाव शेवटी पुकारलं, कारण मी पहिली आले होते. फर्मचे मालक म्हणजे आमचे सर. त्यांनी माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं, हातात काठी दिली आणि माईक घेतला.

"हिचा आजा माणदेशात मेंढरं हाकायचा. ही फौजी हाकती. एक मेंढरू कळपाबाहेर जात न्हाई बगा!"

हॉल हसला. मीही हसले. हे आधीच लिहून टाकते. नंतर लपवावंसं वाटेल.

आमच्यात मोठ्या माणसाचा सत्कार घोंगडं आणि काठी देऊनच करतात. म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. सर म्हणाले असते, मान दिला.

घरी पप्पांनी घोंगड्याचा काठ बोटांत चुरगाळला. ते सैन्यातून नाईक म्हणून रिटायर झाले, पण लहानपण मेंढरांमागे गेलेलं. "लोकर न्हाई ही," ते म्हणाले. "नायलॉन हाय." घडी घालून परत दिलं. सत्कार कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही.

मी छावण्यांमध्ये वाढले. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. पप्पांची बोली मला कळते, बोलता येत नाही. चार माणसांत मी गप्प असते. हे सरांनी मुलाखतीतच हेरलं. "बोलायचं कमी, हसायचं गोड. फौजीची लेक म्हणून बसायचं. बाकीचं मी बघतो."

सर कृष्णाकाठचे. उसाची बागायत, चुलते कारखान्यात संचालक. ऑफिसात त्यांच्यापुढे कुणी खुर्चीला पाठ टेकत नसे.

मी परीक्षा दिल्या होत्या. मला वाटायचं, एखाद्या घराचं आजारपण, शिक्षण, म्हातारपण समोर मांडून त्यांना वाट दाखवायची, हे आपलं काम. ऑफिसात काम एकच होतं. फौजी रिटायर होऊन त्याच्या हातात रक्कम आली की इतर कुणी पोचायच्या आत त्याच्या दारात पोचायचं. "जय हिंद, अंकल," म्हणायचं. ते लगेच पाणी आणायला सांगायचे.

पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत असंच एका हवालदार काकांकडे गेले होते. काकूंनी जेवायला वाढलं. मग काकांनी मला घरामागे नेलं. डोंगराला भेग पडली होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या आणि मध्ये सुतळी बांधली होती.

"ही तुटली की हातातलं टाकून पळायचं. घरात सगळ्यांना ऑर्डर दिलीया," ते म्हणाले. "खाली रस्त्याला जागा घेतलीया. पावसाच्या आत घर बांधायचं. पैशे कवाबी काढता येतील न्हवं, बेटा?"

मी सुतळीकडे बघत म्हणाले, "हो अंकल. बँकेत ठेवल्यासारखेच आहेत."

ते बँकेत ठेवल्यासारखे नव्हते. ती विम्याची पॉलिसी होती. आत्ता भरले तेवढेच पैसे दहा वर्षं दरसाल भरायचे, आणि पहिली पाच वर्षं हात लावता येत नाही. मला माहीत होतं. फॉर्म इंग्रजीत होता आणि तो मीच भरला होता.

दोन दिवसांनी पडताळणीच्या फोनसाठी मी परत गेले. विमा कंपनीतून असा फोन येतो. मी काकांना शिकवून ठेवलं होतं, सगळ्याला हो म्हणा. स्पीकरवर एका मुलीचा आवाज आला आणि काका बसल्या जागेवरून उठले. ताठ उभे राहिले. हात मांड्यांना चिकटलेले.

"दस साल प्रीमियम भरना है, ये आपको बताया गया है?"

"येस मॅडम."

"अपनी मर्जी से ले रहे हैं?"

"येस मॅडम."

हुकमाच्या आवाजाला ते आयुष्यभर हेच उत्तर देत आले होते. सरांना ते ठाऊक होतं. म्हणून तर फौजी.

सत्कारानंतरच्या सोमवारी सरांनी मला लोखंडी कपाटाची किल्ली दिली. आतली पाकिटं तारखेप्रमाणे लावायची होती. ते कपाट मी तोवर उघडं पाहिलेलं नव्हतं. आत पॉलिसीचे कागद होते. लोकांच्या नावाचे, पत्ता मात्र आमच्या ऑफिसचा. कागद मिळाल्यापासून महिन्याच्या आत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. म्हणून पाकिटं महिनाभर इथे राहायची. मुदत संपली की कंदी पेढ्यांच्या बॉक्ससोबत घरपोच. लोक पेढे वाटायचे.

पाकिटांचे गठ्ठे एकमेकांना टेकून उभे होते. अगदी गपगार.

काकांचं पाकीट हाताला लागलं. चार दिवस उरले होते. त्याच दुपारी त्यांचा फोन आला.

"बेटा, सुतळी लय ताणलीया गं. गवंडी ठरिवलाय. आता पैशे काढायला हवंत. कागद कवा येणार?"

कपाट माझ्यासमोर उघडं होतं. मी म्हणाले, "सांगते." फोन ठेवला.

सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, पाटणच्या काकांना पॉलिसी परत करू द्या. त्यांचं घर..."

त्यांनी मान वर केली नाही. "फॉर्मवर एजंट म्हणून सही कुणाची हाय?"

"माझी."

"समजावलं कुणी?"

"मी."

"मग केस झाली तर आत कोण जाईल?" आता ते हसले. "घोंगडं दिलंय न्हवं? ते पांघर आन् गप पड. आमच्या रानात मेंढरं बसवून तुमच्या पिढ्या जगल्या. तुझी आजी आमच्यासारख्यांच्या दारात जुंधळ्याला उभी ऱ्हायची. आज तू एसीत बसतीस. कुणामुळं?"

माझी आजी रात्रभर रानात मेंढरं बसवायची. सकाळी त्या रानात खत पडलेलं असायचं. जोंधळे त्याचे होते.

"खत आमचं होतं, सर," मी म्हणाले.

त्या ऑफिसातलं माझं पहिलं स्वतःचं वाक्य. आवाज बारीक निघाला. पण निघाला.

जेवणाच्या सुट्टीत मी ते पाकीट पर्समध्ये घातलं. बाकीच्या पाकिटांवरची नावं आणि तारखा वहीत उतरवल्या. किल्ली टेबलावर ठेवली आणि स्टँडवर जाऊन पाटणची एसटी पकडली.

वाडीत पोचल्यावर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. "अंकल, मी तुमच्याशी खोटं बोलले. मला माहीत असताना बोलले."

काकू म्हणाल्या, "माझ्या हातचं जेवून गेलीस की गं तू." एवढंच. पाणी कुणी आणलं नाही.

काकांनी परतीच्या अर्जावर सही केली. अक्षर न् अक्षर वाचून, दोनदा. मग दार लावून घेतलं.

मुदत संपायच्या आत विमा कंपनीच्या कार्यालयात मी अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. पैसे येतील म्हणतात. अजून आलेले नाहीत. परवा वळवाचा पाऊस झाला.

सरांनी पप्पांना फोन केला. "नाईकसाहेब, पोरीला आवरा. तुमाला साताऱ्यातच ऱ्हायचंय न्हवं?" तेव्हापासून आमच्या कोपऱ्यावर एक पांढरी जीप उभी असते. कुणी उतरत नाही. पप्पा गॅलरीत खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसतात.

वहीत तेवीस नावं आहेत. चौघांची मुदत अजून आहे. उद्या लोणंदला जायचं आहे, मग उरलेल्या तिघांकडे. एकोणीस जणांची मुदत मी नावं उतरवली तेव्हाच संपलेली होती, पाकिटं फक्त पेढ्यांसोबत पोचवायची राहिली होती. त्यांच्यासाठी फक्त तक्रार उरते. त्यांच्याकडेही जाणार आहे. पाणी मिळणार नाही, हे धरून.

मला नियोजनाचंच काम करायचं आहे, याच जिल्ह्यात, याच लोकांचं. पण ते या दारांवरून गेल्याशिवाय सुरू होणार नाही.

तक्रारीच्या अर्जात एक रकाना आहे. पॉलिसी कोणी विकली? बाकीचे रकाने भरायचे आहेत. सरांचं नाव, कपाट, पेढे, सगळं लिहायचं आहे. तो रकाना मी आधी भरला.

त्यात माझं नाव आहे. आडनावासकट.